'पगार हा प्रेरक नसतो' हे कुणी आणि कसं ठरवलं?

मोजपट्टी

आमच्याकडे नुकतंच विभागप्रमुखांचं प्रशिक्षण झालं. पहिल्याच सत्रात पडद्यावर मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड आला, मागोमाग हर्झबर्ग या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचे दोन रकाने (प्रेरणा देणारे घटक आणि नाराजी टाळणारे घटक) आले आणि निष्कर्ष सांगितला गेला: पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण वाढवला म्हणून तो जोमानं काम करत नाही. तेव्हा पैशाचा विचार सोडा, कौतुक करा, जबाबदारी द्या. त्याच महिन्यात आमची इन्सेंटिव्ह योजना बंद झाल्याचं पत्रक निघालं होतं. माझ्या हाताखाली दाव्यांची कागदपत्रं तपासणारी मंडळी आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मला हेच सांगायचं होतं, म्हणून आधी मुळातून वाचायला घेतलं. जे सापडलं ते इथे मांडते आहे, कारण माणसांकडून काम करून घेण्याचा आणि स्वतः काम करण्याचा अनुभव असलेले बरेच जण इथे आहेत.

मॅस्लोचा मूळ लेख १९४३ चा. त्यात पिरॅमिड नाहीच. गरजांची उतरंड आहे, पण तीही त्यानं सैल ठेवली आहे. खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते असा समज करून घेऊ नका, हे त्यानं स्वतःच लिहिलंय. ते त्रिकोणी चित्र १९६० मध्ये एका व्यवस्थापन सल्लागाराच्या लेखात आलं आणि नंतर पाठ्यपुस्तकांनी उचललं.

हर्झबर्गकडे जास्त वेळ थांबायला हवं, कारण सगळा निष्कर्ष त्याच्यावर टेकलेला आहे. त्याचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिट्सबर्ग परिसरातल्या २०३ अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यानं आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की नोकरीत फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. बऱ्या प्रसंगांत यश, दखल, कामाचं स्वरूप, जबाबदारी, बढती हे पुन्हा पुन्हा आलं. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, सुपरवायझर, कामाची परिस्थिती आली. त्यावरून माणसाला पुढे नेणारे घटक वेगळे आणि फक्त नाराजी टाळणारे घटक वेगळे अशी मांडणी झाली. पगार दुसऱ्या रकान्यात टाकला गेला, पण त्यांच्याच नोंदींत पगाराचा उल्लेख दोन्ही प्रकारच्या प्रसंगांत आहे.

पद्धतीवरचा आक्षेप तर अगदी साधा आहे. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो, बिघडलं की साहेबाकडे आणि धोरणाकडे बोट दाखवतो. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूमनं हे १९६० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. म्हणजे आमच्या प्रशिक्षणातला निष्कर्ष माणसांनी सांगितलेल्या आठवणींच्या वर्गवारीवर उभा आहे. पगार बदलल्यावर काम किती बदललं, हे त्या अभ्यासात कुणी मोजलेलंच नाही.

हर्झबर्ग सोडून द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. काम तुकड्यातुकड्यांचं ठेवू नका, हे त्याचं म्हणणं पुढे १९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी मोजता येईल अशा रूपात आणलं. कामात किती प्रकारची कौशल्यं लागतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पूर्ण गोष्ट आपल्या हातून होते का, तिचा कुणाला उपयोग होतो का, स्वतः ठरवायला वाव किती, आणि बरं झालं की वाईट हे कामातूनच कळतं का. ही फूटपट्टी मी आमच्या विभागाला लावून पाहिली आणि अस्वस्थ झाले. नव्या माणसांकडे फक्त सह्या आणि तारखा जुळवण्याचं काम असतं. तो दावा पुढे मंजूर झाला की फेटाळला गेला, हे त्यांना कधीच कळत नाही.

तुमच्याकडे कशानं फरक पडला, आणि कशानं बिघडलं? पैसा खरोखरच बाजूला ठेवता येतो का?

लेथवाला

मशीनवर उमेदवारी करत वर आलो, पुढे सुपरवायझर झालो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. पैशानं माणूस कामाला लागतो, यात मला शंका नाही. पण तो पैसा टिकेल याची खात्री नसेल तर तोच पैसा काम अडवतो. कसं ते सांगतो.

नगावर मजुरी लावली की चांगला कारागीर पहिले काही महिने जोर लावतो. फिक्स्चरमध्ये (नग पकडून ठेवणाऱ्या साच्यात) सुधारणा स्वतः सुचवतो, सेटिंगचा वेळ कमी करतो, नग वाढतात, पाकीट जड होतं. मग वर कुणीतरी तक्ता पाहून म्हणतो, 'रेट सैल लागलाय, पुन्हा टाइम स्टडी घ्या.' स्टॉपवॉचवाला येतो आणि रेट उतरतो. आता तेवढ्याच पैशाला जास्त नग काढायचे. हे एकदा झालं की त्या शॉपमध्ये पुढची कित्येक वर्षं कुणी जोर लावत नाही. नव्या पोराला जुनी माणसं पहिल्या आठवड्यातच समजावतात, की अमुक आकड्याच्या वर जायचं नाही. टाइम स्टडी चालू असताना फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवायचा, टूल बदलायला वेळ लावायचा, हेही शिकवलं जातं. झालेले जास्तीचे नग झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात दाखवायचे.

व्यवस्थापनाला यात आळस दिसतो. मला यात चोख हिशेब दिसतो. ही माणसं अशिक्षित असतील, अडाणी नाहीत. आज जास्त केलं तर उद्या तेवढंच कमीत कमी म्हणून धरलं जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा शॉपमध्ये तुम्ही कौतुकाचे फलक लावा नाहीतर महिन्याचा उत्तम कामगार निवडा, काडीचा फरक पडत नाही.

अर्धविराम

लेथवाला, प्रत्येक वाक्याला +१. सॉफ्टवेअरमध्येही तंतोतंत हेच होतं. एका स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक एक-दोन आठवड्यांच्या टप्प्याला) जास्त पॉइंट, म्हणजे कामाच्या अंदाजाचे गुण, पूर्ण केले की पुढच्या स्प्रिंटला तेवढे गृहीत धरतात. मग टीम अंदाजच फुगवून देते. सविस्तर रात्री लिहितो.

पानोपानी

लेथवाला यांनी जे लिहिलंय ते जवळजवळ जसंच्या तसं समाजशास्त्रात नोंदलेलं आहे. डोनाल्ड रॉय नावाच्या संशोधकानं १९४४-४५ मध्ये एका यंत्रशाळेत ड्रिल ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि रोजच्या नोंदी ठेवल्या. १९५२ मध्ये त्यानं त्या मांडल्या. सोप्या रेटच्या जॉबवर कामगार ठरलेल्या कमाईपर्यंत पोचले की थांबायचे, उरलेला वेळ गप्पांत घालवायचे, कारण त्याहून जास्त कमावलं तर रेट कापला जाईल अशी भीती. आणि ज्या जॉबच्या रेटवर काही केलं तरी जास्तीचं सुटणार नाही, तिथे मुद्दाम रेंगाळायचे, कारण ठरलेली किमान मजुरी तर मिळणारच होती. मशीन तेच आणि माणूसही तोच. फरक एवढाच, की जास्त मेहनत केल्यावर हातात काय पडेल याचा त्याचा अंदाज वेगळा.

हॉथॉर्नचं नाव या विषयात सगळे घेतात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. त्यांतला एकच भाग लोकांच्या लक्षात राहिला: 'लक्ष दिलं की उत्पादन वाढतं, पैशाची गरज नाही.' रिले (विजेचे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींच्या खोलीत उत्पादन वाढलं हे खरं. पण त्या पाच जणींची कमाई मोठ्या विभागाच्या सरासरीतून काढून फक्त त्यांच्या गटाच्या उत्पादनाशी जोडली होती, आणि १९२८ च्या सुरुवातीला त्यांतल्या दोघींना बदलून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणलं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. म्हणजे त्या खोलीत फक्त आपुलकी नव्हती, पैशाची जोडणीही बदलली होती.

त्याच कारखान्यातली दुसरी खोली मला जास्त मोलाची वाटते. १९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या स्विचची वायरिंग करणाऱ्या १४ पुरुषांचं निरीक्षण केलं गेलं. त्यांनी आपसांत दिवसाचं 'वाजवी' काम ठरवून घेतलं होतं. जो त्याच्या वर जाई त्याला नावं ठेवत, दंडावर ठोसा मारत. जो फार कमी करी त्यालाही बोलत. साहेबाकडे चुगली करणं सगळ्यांत वाईट. आणि हा काळ महामंदीचा. काम लवकर संपवलं तर कामावरून काढतील ही भीती खोटी नव्हती. काही काळानं तो अभ्यास आणि ते काम दोन्ही मंदीमुळेच थांबलं.

'शास्त्रीय व्यवस्थापना'चा जनक मानल्या जाणाऱ्या टेलरबद्दल एकच गोष्ट. त्यानं १९११ मध्ये सांगितलेल्या कच्चं लोखंड वाहण्याच्या हकीकतीत माणूस दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. त्या हकीकतीच्या खरेपणावर पुढे संशोधकांनी बऱ्याच शंका घेतल्या. पण टेलरनं स्वतः कौतुकानं सांगितलेले आकडे पाहिले तरी काम जवळपास चौपट आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर. हा हिशेब कामगारांना कळत नव्हता असं समजणं चूक आहे.

आकडेमोड

मला वाटतं चर्चा 'पैसा फसतो' या बाजूला झुकते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी अमेरिकेतल्या सेफलाइट या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचे आकडे अभ्यासले. कंपनीनं १९९० च्या दशकाच्या मध्यात तासाच्या पगाराऐवजी काचेवर मजुरी दिली, पण तासाच्या हिशेबानं एक हमी ठेवली. दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातला साधारण निम्मा वाटा आहे त्याच माणसांनी जास्त काम केल्याचा. उरलेल्यात मोठा भाग असा, की जलद काम करणारे टिकले आणि तसे नवे लोक येत गेले. वाईट बसवलेली काच ज्यानं बसवली त्यालाच दुरुस्त करावी लागे, त्यामुळे दर्जाही सांभाळला गेला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. माणसांच्या आठवणी न विचारता कंपनीच्या नोंदी पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे.

फोर्डचं उदाहरण तर त्याहून जुनं. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात, की सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षात ५२,००० माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर झाले, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट, आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आली. सोडून जाणं झपाट्यानं कमी झालं. त्या पाच डॉलरसाठी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो कसा राहतो हे तपासत, ती बाजूही सांगायला हवी.

आता मर्यादा. २०१४ मध्ये चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एक मोठा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कामाची स्वतःची ओढ असणं हे कामाच्या दर्जाशी जास्त जुळतं, आणि पैशाचं आमिष हे कामाच्या संख्येशी. काच बसवण्यात संख्या मोजता येते आणि चूकही लगेच दिसते. मोजपट्टी, तुमच्या दाव्यांच्या तपासणीत संख्या मोजता येईल, पण घाईत हातातून सुटलेली चूक कधी दिसेल?

मोजपट्टी

अगदी नेमकं. आमची बंद झालेली योजना फायलींच्या संख्येवर होती. अवघड फाइल बाजूला सरकवायची आणि सोप्या उरकायच्या हे सर्रास चालायचं. सोप्या फायली उचलणाऱ्याला पैसे मिळत, आणि अवघड दावा चिवटपणे उकलणाऱ्या माणसाचं महिन्याचं गणित बुडे. त्यामुळे योजना बंद झाल्याचं मला फार दुःख नाही. पण तिच्या जागी काही न आणता 'पैसा प्रेरक नसतो' असं सांगणं मला पटत नाही.

रातपाळी

मी परिचारिका आहे. आमच्या क्षेत्रात प्रेरणेचा विषय निघाला की 'तुमचं काम तर सेवेचं' हे वाक्य पहिलं येतं. त्याबद्दल मनापासून लिहायचं होतं.

कामाला अर्थ असणं ही फार मोठी शक्ती आहे. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २००७ चा एक अभ्यास आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे लोक. त्यांच्यातल्या एका गटाची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवून आणली. महिन्यानंतर तो गट दुपटीहून जास्त वेळ फोनवर असायचा आणि त्यांनी जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांना फक्त त्या विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं त्यांच्यात असा फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. अत्यवस्थ म्हणून आलेला रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात भेटायला येतो तेव्हा पुढचे कितीतरी दिवस पाय दुखत नाहीत.

पण रात्रपाळीच्या परिचारिकेला हे दिसतच नाही. रुग्ण आमच्या पाळीत येतो, आम्ही त्याला सकाळपर्यंत निभावतो, तो दुसऱ्या वॉर्डात जातो आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणी कळवत नाही. मोजपट्टी यांनी नव्या माणसांबद्दल लिहिलंय तेच हे. आमच्या एका वरिष्ठ सिस्टरनी स्वतःहून प्रथा पाडली: घरी गेलेल्या रुग्णांची खबर पाळी बदलताना दोन वाक्यांत सांगायची, वाईट असली तरी. खर्च काही नाही. मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत हा सगळ्यांत परिणामकारक.

आता दुसरी बाजू. याच अर्थाच्या जोरावर आमच्याकडून माणसं कमी असताना जास्त पाळ्या करून घेतल्या जातात. नकार दिला की 'रुग्णाचा विचार करा' म्हणतात. रुग्णाचा विचार असतो म्हणूनच आम्ही थांबतो, आणि ते वरच्यांना माहीत असतं. चांगल्या परिचारिका सोडून जातात त्या कामाला कंटाळून जात नाहीत. ओढ असलेल्या माणसाला कमी मोबदल्यात जास्त राबवता येतं हे कळल्यावर ते नियमानं केलं जातं, तेव्हा त्या जातात. प्रेरणेच्या पुस्तकी मांडणीत हा धोका मला कुठे ठळकपणे दिसला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पानोपानी

रातपाळी, तुमचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे. दोन वाक्यांची ती प्रथा आमच्या ठिकाणी सुरू करता येईल.

अर्धविराम

काल राहिलेलं लिहितो. आमच्या क्षेत्रात पैसा बरा, काम रोचक, ठरवायला वावही असतो. तरी माणसं विझलेली दिसतात, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण बेल कर्व्ह. वर्षअखेरीला टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना खालच्या गटात टाकायचंच, मग सगळे चांगले का असेनात. याचा परिणाम असा, की चांगला माणूस दुसऱ्या चांगल्या माणसाच्या टीममध्ये जायला तयार नसतो. नव्याला शिकवणारा तोटा सहन करतो, कारण तो शिकला की क्रमवारीत पुढे जाणार. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये अधिकृतपणे सोडली, पण इतरत्र ती अजून तग धरून आहे.

स्टीव्हन केर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की संस्था बक्षीस एका गोष्टीला देतात आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची करतात. एकजुटीवर भाषणं होतात आणि क्रमवारी एकेकट्याची लागते. माणूस भाषण ऐकतो आणि क्रमवारीप्रमाणे वागतो.

आकडेमोड

यालाच जोडून टार्गेटचा विषय. लॉक आणि लॅथम यांचं संशोधन या शाखेत सगळ्यांत पक्कं मानलं जातं. 'शक्य तेवढं चांगलं करा' म्हणण्यापेक्षा नेमकं, अवघड पण जमेल असं उद्दिष्ट दिलं तर काम सुधारतं. १९७५ च्या एका अभ्यासात लाकडाचे ओंडके नेणारे ट्रकचालक परवानगीच्या जेमतेम साठ टक्के वजन भरत. ९४ टक्क्यांचं उद्दिष्ट दिलं. कमी भरल्याबद्दल शिक्षा नाही, जास्त भरल्याबद्दल पैसे नाहीत. तरी वजन नव्वद टक्क्यांच्या आसपास गेलं आणि टिकलं.

आणि त्याच साधनाची दुसरी टोकाची गोष्ट वेल्स फार्गो बँकेची. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकण्याचं उद्दिष्ट आणि ते गाठण्यासाठी रोजचा दबाव. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं समोर आलं, आणि पुढे अशा संशयास्पद खात्यांचा आकडा ३५ लाखांपर्यंत गेला. ट्रकचालकांना आकडा चुकला तर काही गमवायचं नव्हतं. बँकेतल्या माणसाची नोकरी त्या आकड्यावर टांगलेली होती. मला दोन्हींतला सगळ्यांत महत्त्वाचा फरक हाच वाटतो.

मोजपट्टी

सगळ्यांचं वाचून माझ्या मनात एक धागा पक्का होतो आहे. व्रूमची १९६४ ची मांडणी मला आधी फार गणिती वाटायची. तो म्हणतो, माणूस तीन गोष्टी पाहतो. मी मेहनत केली तर काम होईल का? काम झालं तर ठरलेलं फळ मिळेल का? आणि ते फळ मला हवंय का? प्रशिक्षणांत सगळा भर तिसऱ्या प्रश्नावर असतो: पैसा हवा की कौतुक हवं, यावरच वाद. लेथवाला, रॉय, बेल कर्व्ह, हे सगळं दुसऱ्या प्रश्नावर तुटतंय. फळ हवंय, पण मिळेल यावर विश्वास नाही.

पैशानं ओढ मरते हा मुद्दा इथे अजून आला नाही, तोही घेते. एडवर्ड डेसीनं १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्याला एक डॉलर. पुढच्या सत्रात पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या गटाचं कोड्यांशी खेळणं कमी झालं. १९९९ मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला आणि आधीपासून ठरवून दिलेल्या बक्षिसानं ओढ कमी होते हे दाखवलं. तोंडी शाबासकीनं मात्र ती वाढते. या निष्कर्षांवर जोरदार वाद झाले आहेत. मुळात गोडी असलेल्या कोड्याबद्दलचा हा निष्कर्ष तारखा जुळवण्याच्या कामाला कसा लावायचा, तिथे मरायला ओढ होती कुठे, हा माझा प्रश्न आहे.

मला सगळ्यांत खोलवर भिडला तो जेराल्ड ग्रीनबर्गचा १९९० चा अभ्यास. एका उत्पादक कंपनीनं कंत्राटं गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी सगळ्यांचा पगार १५ टक्क्यांनी कापला. एका ठिकाणी कंपनीच्या प्रमुखानं सविस्तर बैठक घेऊन कारण सांगितलं, आकडे दाखवले, प्रश्नांची उत्तरं दिली, खेद व्यक्त केला. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात कळवलं. कपातीच्या काळात कारखान्यातल्या वस्तूंची चोरी दोन्हीकडे वाढली, पण कारण नीट न सांगितलेल्या ठिकाणी कितीतरी जास्त, आणि तिथे माणसंही जास्त सोडून गेली. पगार दोन्हीकडे सारखाच कापला होता. जिथे पैसा द्यायलाच नाही तिथेसुद्धा माणसाला माणूस म्हणून वागवण्याला मोजता येईल एवढी किंमत आहे, हे मला त्यातून कळलं. आमच्याकडे योजना बंद झाली तेव्हा तीन ओळींचं पत्रक आलं होतं.

नवउद्योग

माझा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, सुटे भाग बनवण्याचा. माणसं मोजकी, मोठ्या कंपनीइतका पगार परवडत नाही. धागा आवडीनं वाचतोय, पण मला उद्या सकाळी काय करायचं ते हवंय. नगावर काही जास्तीचे द्यावेत असा विचार आहे. लेथवाला यांचं वाचून थांबलोय. द्यावेत की नाही?

रातपाळी

माझं क्षेत्र वेगळं, पण एक सुचवते. काही ठरवण्याआधी प्रत्येकाला एकेकट्यानं विचारा, की रोज तुमचं काम कशानं अडतं. अमाबिले आणि क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ माणसांच्या रोजनिश्या गोळा केल्या होत्या, जवळपास १२,००० नोंदी. माणसाचा दिवस चांगला जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे महत्त्वाच्या कामात थोडी तरी प्रगती होणं. बोथट झालेलं हत्यार, वेळेवर न येणारा माल, तीनदा मागूनही न मिळणारी सही, यांनी माणूस खचतो. त्यातल्या दोन गोष्टी त्याच आठवड्यात दुरुस्त करा आणि कुणाच्या सांगण्यावरून केल्या ते सगळ्यांना सांगा.

पानोपानी

नगावर पैसे देऊन दीर्घकाळ टिकलेलं एक उदाहरण आहे: क्लीव्हलंडची लिंकन इलेक्ट्रिक, वेल्डिंगची यंत्रं बनवणारी. नगावर मजुरी, १९३४ पासून वार्षिक बोनस, आणि १९५८ पासून कायम कामगारांना नोकरीची हमी. तिथला महत्त्वाचा नियम असा, की कामगार जास्त कमावतो म्हणून रेट बदलायचा नाही. कामाची पद्धत किंवा यंत्र बदललं तरच बदलायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या तोट्यामुळे कंपनी अडचणीत आली तेव्हा तिनं कर्ज काढून बोनस दिला. हीच पद्धत परदेशी कारखान्यांत जशीच्या तशी नेली तिथे ती बहुतेक ठिकाणी रुजली नाही. योजना नेता आली, इतक्या वर्षांत दिलेल्या शब्दाचा अनुभव नेता आला नाही.

अर्धविराम

नवउद्योग, एक भर. पैसे एकेकट्याला देण्यापेक्षा पूर्ण टीमला देता आले तर पाहा. माणसं मोजकी आहेत, एकमेकांचं काम दिसतं. एक जण सेटिंगमध्ये अडकला तर दुसरा धावून जाईल. मोठ्या गटात हे चालत नाही, आपल्या मेहनतीचा वाटा कुठे गेला तेच कळत नाही.

लेथवाला

नवउद्योग, द्या. पण आधी पगार वेळेवर आणि बाजाराच्या जवळपास आहे ना ते पाहा. तो लंगडा असेल तर वरचे पैसे भरपाई वाटतात, बक्षीस वाटत नाहीत.

मग हे लिहून द्या, तोंडी नको. रेट किती, कशावर, आणि किती काळ बदलणार नाही. माझ्या मते वर्षभर तरी. नवं मशीन आलं किंवा ड्रॉइंग बदललं तरच रेट पुन्हा ठरेल, आणि तोही त्या एकाच जॉबचा. रिजेक्ट झालेल्या नगाला पैसे नाहीत, पण माल खराब आला म्हणून रिजेक्ट झाला तर तो कामगाराच्या माथी नको, हेही लिहा. मशीन बंद पडलं त्या वेळाची सरासरी द्या, नाहीतर देखभालीसाठी मशीन थांबवायला कुणी तयार होणार नाही. फिक्स्चरची सुधारणा ज्यानं सुचवली त्याला तिचा फायदा काही महिने पूर्ण मिळू द्या, मगच नवा वेळ धरा. आणि टाइम स्टडी करताना त्यांच्यातलाच एक माणूस शेजारी उभा राहून आकडे लिहून घेऊ दे, दोन्ही वह्या जुळल्या तरच रेट लागू.

पहिल्या काही महिन्यांत कुणीतरी तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त पैसा घेऊन जाईल. सगळी शॉप त्या दिवशी तुमच्याकडे बघत असेल. त्याला तो पूर्ण द्या, सगळ्यांसमोर द्या, आणि रेटला हात लावू नका.

नवउद्योग

मशीन बंद पडलेल्या वेळाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. उद्या आधी रातपाळी यांनी सांगितलं तसं एकेकाला विचारतो, मग कागद तयार करायला बसतो. ती सरासरी मागच्या महिन्याची धरायची की तीन महिन्यांची?

लेथवाला

तीन महिन्यांची. एका महिन्यात एखादा मोठा ब्रेकडाउन आला तर सरासरी खाली जाते आणि माणूस विनाकारण मार खातो. नवीन माणसाला तीन महिने झाले नसतील तर त्याच मशीनवरच्या इतरांची सरासरी धरा.